सातबारा, कॉडसाहेब आणि आत्याचं नाव

मंडळी, मागे एका शनिवारी पोस्ट टाकली नाही त्याबद्दल आधी माफी. नांदेडला गेलो होतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स, शनिवारी सकाळी घरचा चहा, रविवारी रात्री परत, सोमवारी साडेनऊला स्टँडअप. गाडीत झोप शून्य. पण काम महत्त्वाचं होतं. आजोबा २०२३ च्या पावसाळ्यात गेले आणि गावाकडच्या शेताला वारस लावायचे राहून गेले होते. बाबांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग ते ऑनलाइन काय असतंय ते तूच कर."

आता मी रोज आठ तास डेटाबेसमध्ये घालवतो. विम्याच्या पॉलिसी एका टेबलात, माणसं दुसऱ्यात, क्लेम तिसऱ्यात, आणि आम्ही दिवसभर त्यांची सोयरीक जुळवत बसतो. या सोयरिकीला आमच्या धंद्यात जॉइन म्हणतात. इंटरव्ह्यूला आलेल्या प्रत्येक पोराला मी हाच प्रश्न विचारतो : इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन यातला फरक सांग. दहातली आठ पोरं दोन वर्तुळं काढून दाखवतात. मीही तशीच काढली होती. त्या वर्तुळांचा खरा अर्थ मला कळला तो मात्र घरी, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसल्यावर.

तर, सातबारा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द फक्त बातम्यांत ऐकला असेल. 'सातबारा कोरा करा' वगैरे. पण या नावातच सगळी गंमत आहे. सात आणि बारा हे दोन वेगवेगळे तक्ते आहेत. गावाचा महसुली कारभार ज्या नोंदवह्यांवर चालतो त्यांना गाव नमुने म्हणतात, आणि त्यांना एक ते एकवीस असे नंबर आहेत. नमुना एक म्हणजे आकारबंद, कुठल्या नंबरची जमीन किती आणि तिचा आकार किती. नमुना सहा म्हणजे फेरफार, काय बदल झाला आणि कशामुळे. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, त्या जमिनीत त्या वर्षी काय पेरलं. सात आणि बारा यांना जोडणारा दुवा एकच, गावाचं नाव आणि गट नंबर. तो दोन्हीकडे सारखा असला की दोन तक्ते एका कागदावर वर-खाली येतात आणि आपण त्याला सातबारा म्हणतो.

म्हणजे बघा, महाराष्ट्रातला प्रत्येक शेतकरी ज्या कागदासाठी चावडीवर हेलपाटे घालत आला, तो कागद म्हणजे एका जॉइनचा आउटपुट आहे! आठ-अ हा उतारा तर आणखी भारी. तो खातेनिहाय असतो, एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र. शुद्ध ग्रुप बाय. महसूल खात्यातल्या ज्या कोणी ही रचना बसवली त्याला आमच्या कंपनीत डेटा आर्किटेक्ट म्हणून सहज नोकरी मिळाली असती.

असो. आता जरा कॅलिफोर्नियाला जाऊन येऊ.

एडगर कॉड हा इंग्लंडमध्ये १९२३ साली जन्मलेला गणिती डोक्याचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होता, नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये गेला. १९७० च्या जूनमध्ये त्याचा एक निबंध छापून आला. मोठ्या सामाईक डेटासाठ्यांसाठी संबंधांचं एक प्रतिमान, असा काहीसा त्याच्या नावाचा अर्थ. त्याआधी डेटा साठवायची पद्धत झाडासारखी किंवा जाळ्यासारखी होती. आयबीएमचीच आयएमएस नावाची प्रणाली होती, अपोलो मोहिमेच्या यानाच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला सुरू झालेली. तिच्यात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जायची वाट आधीच आखलेली असायची. वाट माहीत असेल तर माहिती मिळेल, नसेल तर बसा. चार्ल्स बाखमन नावाच्या दुसऱ्या एका दिग्गजाने १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात प्रोग्रामरला खलाशीच म्हटलं होतं. माहितीच्या समुद्रात बोट हाकणारा.

हे वाचलं तेव्हा मला थेट आमच्या गावचे जुने पटवारी आठवले. म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही, आजोबांकडून ऐकलेलं. मराठवाड्यात तेव्हा निजामी अमलातला पटवारी हाच शब्द चालायचा. त्यांचा लाल कापडात बांधलेला बस्ता असायचा. कोणाच्या आज्याने कोणाला कुठला तुकडा कधी विकला, हे त्यांना तोंडपाठ. अमक्याचं पान कुठंय म्हटलं की बस्ता सोडून बरोबर तिथे हात. पण पटवारी मेले की वाट मेली. खलाशीच गेला, आता समुद्रात शोधा.

कॉडचं म्हणणं साधं होतं. वाटा आखूच नका. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि दोन तक्ते त्यांतल्या किमतींवरून जोडा. हा गट नंबर आणि तो गट नंबर सारखा? मग या दोन ओळी एकमेकींच्या. कोण जोडणार, कुठल्या वाटेने जाणार, ते यंत्र ठरवेल. माणसाने फक्त काय हवंय ते सांगायचं. आयबीएमला हे लगेच पचलं नाही, कारण आयएमएस चांगली विकली जात होती (आपल्याच कंपनीच्या शहाण्या माणसाचं न ऐकायची प्रथा तेव्हाही होती). डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये या कल्पनेसाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. बॉइस बिचारा त्याच वर्षी ऐन तारुण्यात गेला. १९७९ मध्ये पॅट सेलिंजर आणि तिच्या सहकाऱ्यांनी जॉइन कुठल्या क्रमाने करायचे हे यंत्राने खर्चाचा अंदाज बांधून कसं ठरवावं ते दाखवलं. त्याच वर्षी, आयबीएमचे छापील निबंध वाचून तयार झालेलं ओरॅकल बाजारात आलं, आयबीएमच्याही आधी. १९८१ मध्ये कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ च्या एप्रिलमध्ये तो वारला.

'जॉइन' हा शब्द क्वेरीत स्पष्ट लिहायची पद्धत मात्र १९९२ च्या प्रमाणात आली. त्याआधी नुसती टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन लिहायची आणि अट खाली व्हेअरमध्ये टाकायची. आमच्या प्रोजेक्टमध्ये अजून जुना कोड तसाच आहे. ट्रेनी असताना मी एकदा ती अट टाकायलाच विसरलो. एका टेबलात १२,००० ओळी, दुसऱ्यात ३०,०००. अट नाही म्हटल्यावर प्रत्येक ओळ प्रत्येकीला चिकटली. ३६ कोटी! रात्रीचा बॅच लटकला आणि पहाटे तीनला टीम लीडचा फोन. तेव्हापासून मी अट आधी लिहितो आणि टेबलांची नावं नंतर.

आता परत ट्रंकेकडे.

ट्रंकेत काय नव्हतं! ओलिताच्या पावत्या, सोसायटीचं कर्ज, १९८३ चं लग्नपत्रिकेचं पाकीट, आणि सगळ्यात खाली पणजोबांच्या काळातले उर्दू कागद. आमचा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाचा. दरबाराची भाषा उर्दू, कालगणना फसली. एका कागदावर साल होतं १३४० फसली. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९३० च्या आसपासचा कागद. शेजारच्या मशिदीतल्या एका वृद्ध चाचांनी तो वाचून दाखवला. त्यांनी नाव वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे नाव आधी माहीत असेल तर वाचता येतं, नसेल तर अंदाज.

इथे माझ्यातला डेटावाला जागा झाला. मला एक साखळी हवी होती : १९३० चा कागद, मग आजचा सातबारा, मधे एकही कडी तुटायला नको. आणि पहिल्या पायरीपासून अडचण. जोडायचं कशावर?

नंबरवर जोडावं म्हटलं तर जुन्या कागदावर सर्व्हे नंबर आहे आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. मधे एकत्रीकरण योजना झाली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, त्याखाली गावोगाव जमिनींचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडले. प्रायमरी कीच बदलली हो! सुदैवाने त्या वेळी जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी-शेजारी लिहिलेला तक्ता तयार झाला. त्याला नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात. आमच्या भाषेत मॅपिंग टेबल. तो मिळाला नाही तर १९७० च्या अलीकडचा आणि पलीकडचा इतिहास एकमेकांशी बोलतच नाही.

क्षेत्रावर पडताळावं म्हटलं तर तिकडे एकर-गुंठे, इकडे हेक्टर-आर. आमची ९ एकर २० गुंठे म्हणजे ३ हेक्टर ८४ आर. जुळलं. हुश्श.

जिल्ह्या-तालुक्याच्या नावावर भरवसा ठेवावा तर तेही हलतं. आमचे पाच जिल्हे १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबादेतून मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. माझ्या लातूरच्या रूममेटच्या आजोबांचे कागद उस्मानाबाद जिल्ह्याचे आहेत, वडिलांचे लातूरचे, आणि तो स्वतः म्हणतो मी पुण्याचा. त्यात २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. अलीकडच्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे एक कोड नंबर छापलेला असतो तो याच साठी. नावं बदलोत, कोड बदलत नाही. कॉडसाहेब खूश झाले असते.

राहता राहिलं माणसाचं नाव. आणि मंडळी, खरी मारामारी इथे आहे.

आमच्या पणजोबांचं नाव ग्यानोबा. मराठवाड्यात ज्ञानोबाला ग्यानोबाच म्हणतात. खासरा पाहणी पत्रकात (हे १९५४ च्या सुमाराचं, आमच्याकडे वादात सगळ्यात आधी तेच मागतात) ग्यानोबा. नंतरच्या सातबाऱ्यावर कोणा शुद्धलेखनवाल्या तलाठ्याने ज्ञानोबा केलं. आजोबांच्या आधारवर वडिलांचं नाव इंग्रजीत जी-वाय ने सुरू होतं, तर बँकेच्या पासबुकात डी-एन-वाय ने. सारख्या उच्चाराची नावं एकत्र आणायला साउंडेक्स नावाची एक युक्ती आहे, रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाने १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेतल्या जनगणनेच्या नावांच्या सूची पुढे त्यावरच लावल्या. पण साउंडेक्स पहिलं अक्षर आहे तसं ठेवतो. म्हणजे जी वाला ग्यानोबा आणि डी वाला ज्ञानोबा त्याच्या लेखी जन्मात एक होणार नाहीत. 'ज्ञ' ने साउंडेक्सला चारी मुंड्या चीत केलं.

शिवाय गावात एकाच नावाचे तिघं असतात. म्हणून जुन्या लोकांनी नावाला बापाचं नाव जोडलं. देशावरच्या जुन्या कागदांत 'बिन', फारसी-उर्दूत 'वल्द', आणि आमच्या मराठवाड्यातल्या सातबाऱ्यावर 'पि.', म्हणजे पिता. किशन पि. ग्यानोबा. तो बाप त्याच यादीत वर कुठेतरी स्वतंत्र ओळ म्हणून आहेच. तक्त्याचा स्वतःशीच जॉइन! वंशावळ म्हणजे दुसरं काय? एसक्यूएलला हे पिढ्यान्‌पिढ्या वर चढत जाणं प्रमाण म्हणून जमायला १९९९ साल उजाडलं. आमच्याकडे भाट आणि पुरोहित ते वह्यांतून कधीपासून करत होते.

२०२३ मध्ये मराठवाडाभर अभिलेख कक्षांतले गठ्ठे सोडले गेले, ते आठवत असेल. मराठा समाजातल्या ज्यांच्या पूर्वजांची निजामकालीन कागदांत कुणबी अशी नोंद असेल त्यांना प्रमाणपत्र कसं द्यायचं, यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली होती. आरक्षणावर मी इथे बोलणार नाही, त्यासाठी टीव्ही आहे. पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या दिवाळीत खापरपणजोबांची नावं शोधत होती, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. नोंद सापडते हो, पण ती नोंद आणि मी, आमच्यातली साखळी कशी सिद्ध करू? एक कडी जुळली नाही की नातू अर्जदार म्हणून उभा आणि पणजोबा कागदात तसेच पडून. अगदी तसाच प्रकार कर्जमाफी आणि पीएम किसानच्या याद्यांत. बँकेत एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. माणूस तोच, शेत तेच, पैसे नाहीत. २०२४ च्या शेवटी महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी सुरू झाली ती म्हणजे सरकारने शेवटी हात टेकून माणसाला एक की दिली, असं मी समजतो.

कॉडच्या त्या १९७० च्या निबंधात एक सापळा सांगितलेला आहे, जोडणीचा सापळा. त्याचं उदाहरण पुरवठादार आणि सुट्या भागांचं आहे, मी शेतातलं देतो. खाते क्रमांक ११२ सामाईक आहे, त्यात तिघे भाऊ. खाते ११२ मध्ये गट ४५ आणि गट ६१ आहेत. आता जॉइन मारला तर उत्तर येतं की तिघेही भाऊ दोन्ही गटांत. कागदावर खरं. पण प्रत्यक्षात ४५ मध्ये थोरला कसतो आणि ६१ मध्ये धाकटा, आणि मधला नांदेडला ऑटो चालवतो. दोन खरी विधानं जोडून तिसरं खोटं विधान तयार होतं. गावातली निम्मी भांडणं या सापळ्यातली आहेत, आणि कोर्टातली त्याहून जास्त. महसूल कायद्याचं कलम १५७ म्हणतं की सातबाऱ्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ते 'होईपर्यंत' कधीकधी दोन पिढ्या चालतं.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने समजावत होतो. ते खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "काय बघायलास रे एवढं? अर्ज भर की. आजी, मी आणि तुझा काका. तीन नावं."

मी वंशावळ काढायला वही घेतली होती. वर पणजोबा. खाली त्यांची लेकरं. पणजोबा १९७४ मध्ये गेले, त्या वेळचा फेरफार ट्रंकेत होता. त्यात वारस म्हणून दोन नावं, आजोबा आणि चुलत आजोबा. पण पणजोबांना तीन लेकरं होती. आजोबांची थोरली बहीण मुखेड तालुक्यात दिलेली होती, मी लहानपणी तिच्याकडे सीताफळं खाल्लीत. फेरफारात ती नाही. नावाला कंस नाही (आमच्याकडे नाव कमी केलं की त्याला कंस करतात, म्हणून 'त्याला कंस झाला' म्हणजे त्याचा हक्क गेला). हक्कसोड नाही. सही नाही, अंगठा नाही. मुळात ओळच नाही.

इनर जॉइन म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं. दोन तक्त्यांत ज्याची जोडी जमते तेच उत्तरात येतं. ज्याची जमत नाही ते चुकीचं म्हणून दिसत नाही, लाल अक्षरात दिसत नाही. ते दिसतच नाही. त्या फेरफाराकडे पाहून कोणालाही वाटेल की या माणसाला दोनच मुलं होती. कागद खोटं बोलत नव्हता. नुसता गप्प होता.

लेफ्ट जॉइनमध्ये उलट असतं. डावीकडची सगळी लेकरं आधी लिहायची, मग उजवीकडे जमीन मिळाली का ते बघायचं. मिळाली नसेल तर रिकामी जागा, नल. मी वहीत तसंच केलं. क्वेरी देवनागरीतच लिहितो, पार्सरने माफ करावं : लेकरं लेफ्ट जॉइन सातबारा. पणजोबांच्या पिढीला एक नल. आणि आजोबांच्या पिढीला, बाबांचा अर्ज जसाच्या तसा गेला तर, दोन नल. दोन्ही माझ्या आत्या.

बरं, १९७४ मध्ये कायदा नव्हता असंही नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आणि त्यात मुलगी वर्ग एकची वारस आहेच, निदान बापाच्या स्वतःच्या वाट्यात. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मजात हक्क मात्र नंतर आला. महाराष्ट्राने १९९४ च्या जूनमध्ये स्वतःची दुरुस्ती केली, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण तिच्यात एक व्हेअर क्लॉज होता : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळून. आमची मोठी आत्या १९८९ ची, धाकटी १९९६ ची. एकाच आईबापाच्या दोन मुली, एक अटीत बसते आणि दुसरी नाही! २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो क्लॉज पुसला, आणि बाप त्या दिवशी हयात हवा की नको हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्माने, बाप हयात असो-नसो. आमच्या बाबतीत आजोबाच २०२३ मध्ये गेले, त्यामुळे दोघी वारस आहेत यात शंकाच नाही. हिस्सा किती हा वेगळा हिशोब.

मी बाबांना म्हटलं, "आत्यांची नावं?"

"त्यांना कुठं पाहिजे? दिवाळीला साडी-चोळी करतोच की आपण. नंतर सही घेऊ."

बाबा वाईट माणूस नाहीत हो. दोन्ही बहिणींच्या लग्नाचं कर्ज त्यांनी पगारातून फेडलं, पोरांच्या फी भरल्या. पण जे त्यांनी आयुष्यभर पाहिलं तेच त्यांना नियम वाटतं. आणि खरं सांगू का, मलाही सोमवारी ऑफिसला पोचायचं होतं. तीन नावांचा अर्ज दहा मिनिटांत झाला असता. मी वही मिटलीसुद्धा होती.

आजी तेवढी म्हणाली, "मोठीला फोन लाव."

लावला. मोठी आत्या लोह्याला असते. मी अडखळत सांगितलं की वारस लावायलोत, बाबा म्हणतात तुम्ही दोघी हक्कसोड करणारच आहात तर नावं कशाला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "सही करते की रे. माझ्या भावाच्या आड मी कधी आले का? पण आधी नाव तर लाव. नावच नसलेल्या बाईची सही तुम्हाला कशाला लागती?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांची सुपारी कातरायची थांबली.

मला वाटतं एवढं अचूक कोणत्याही इंटरव्ह्यूत कोणी उत्तर दिलं नाही. हक्क सोडायला आधी ओळ असावी लागते. जी नोंदच नाही ती डिलीट कशी करणार?

रविवारी सकाळी अर्ज भरला. पाच नावं. वारसांचं प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखला, आधारच्या प्रती. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं) भला माणूस होता. पाच नावं बघून त्याने चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं आणि नुसतं "बरं केलंत" म्हणाला. नोटीस निघाली, हरकतीसाठी पंधरा दिवस. पूर्वी असल्या नोंदी चुकायच्या त्या कायमच्या चुकायच्या. २०१७ मध्ये सरकारने संगणकावर चढवलेले सातबारे गावोगाव चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले होते, लोकांनी चुका सांगाव्यात म्हणून. चावडी वाचन. टेस्टिंगचा याहून चांगला प्रकार मी आयटीत पाहिलेला नाही. आजोबा त्या वाचनाला गेले होते आणि ज्ञानोबाचं ग्यानोबा करा म्हणून सांगून आले होते. केलं नाही कोणी.

पणजोबांच्या पिढीचा नल अजून तसाच आहे. ती आत्याआजी वारली, तिची नातवंडं कुठे कुठे पांगलेली. त्यांना आम्ही कळवलेलं नाही. कळवावं असं मला वाटतं, बाबांना वाटत नाही, आणि चुलत आजोबांच्या घरी हा विषय काढला तर पुढची दिवाळी वेगवेगळी होईल हे दोघांनाही माहीत आहे. सध्या ते पान वहीत घडी घालून ठेवलंय.

परवा फेरफार मंजूर झाला. मी पुण्यातूनच पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला आणि आत्याला व्हॉट्सॅपवर पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन.

"अरे, हे कोण आहे?"

बघितलं तर तिचं नाव माहेरच्या आडनावाने लागलंय, आणि आधारवर, बँकेत, सगळीकडे सासरचं. जॉइन होणार नाही. शिवाय नावातली वेलांटी चुकीची.

लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज कलम १५५ खाली करता येतो. पुढच्या शनिवारी पुन्हा नांदेड. त्यामुळे पुढच्या आठवड्यातही पोस्ट नाही, आताच सांगून ठेवतो :-)